प्रवाशाचं ताट

३ जून, साकाता

मिची,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याची विचारपूस करायची आपल्याकडे रीत आहे. ती मी गाळते. इथली हवा कशी आहे ते तुझ्या पाहुण्यांना विचार, त्यांनी रोज सकाळी उठून तिचे फोटो काढलेत.

तू पाठवलेली पाहुण्यांची पहिली तुकडी काल गेली. दोघी बहिणी, पन्नाशीच्या, स्वभावाने गरीब. त्या फोनमध्ये आपल्या भाषेत बोलायच्या आणि फोन मला जपानीत ऐकवायचा, "कृपया आमच्यासाठी काही विशेष करू नका. आम्हाला इथल्या माणसांसारखं राहायचं आहे." त्या फोनला ते वाक्य आता पाठ झालं असेल. इथल्या माणसांसारखं म्हणजे कसं, हे मला इथे जन्म काढून कळलेलं नाही. मी उठते, आईचं आवरते, मच्छीमार सोसायटीच्या हापिसात जाऊन पावत्या फाडते, घरी येते, पुन्हा आईचं आवरते, झोपते. यातलं तुम्हाला नेमकं काय हवंय, म्हणून मी विचारलं. तर त्यांना धुणं वाळत घालायचं होतं. मी वाळत घातलेली चादर त्यांनी काढली, पुन्हा वाळत घातली आणि एकमेकींचे फोटो काढले.

मला गंमतही वाटली असती, पण मग कचऱ्याचा दिवस आला. बाटलीचं बूच काढायचं, लेबल सोलायचं, बाटली विसळायची, हे आपल्या आळीत शेंबडं पोर जाणतं. त्या दोघींनी बुचांसकट, लेबलांसकट, तळाशी राहिलेल्या चहासकट सगळं पिशवीत कोंबलं आणि पिशवी मोठ्या प्रेमाने कोपऱ्यावर नेऊन ठेवली. गाडीवाल्यांनी तिला लाल कागद चिकटवला आणि ती तिथेच सोडून गेले. पारदर्शक पिशवी, वर माझ्याच हाताने लिहिलेलं आपलं आडनाव, इगाराशी. दिवसभर आळीतलं प्रत्येक माणूस तिच्यावरून गेलं. संध्याकाळी आपल्या मंडळाचे अध्यक्ष आतोबेकाका ती पिशवी घेऊन स्वतः दाराशी आले.

"घरात पाहुणे असले की धावपळ होते, नाही का?" ते म्हणाले.

इतक्या गोड आवाजात म्हणाले की त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता मुद्द्याचं. फोनवर तू म्हणाला होतास, "ताई, पहिल्या पाहुण्यांना मी स्वतः घेऊन येतो. सगळं बसवून देतो." त्या एका वाक्यावर मी हो म्हटलं. नाहीतर बाबांच्या ततामीच्या चटया विणायच्या खोलीत परक्या माणसांना झोपवायची मला हौस नव्हती. ज्या गवताच्या वासाने तुझं डोकं दुखायचं, ज्या वासावरून बाबांशी भांडून तू घर सोडलंस, तोच वास तू आता साता समुद्रापलीकडे गेंटमध्ये बसून लोकांना विकतोस. विक बापडा. पण त्या बहिणी टॅक्सीतून उतरल्या तेव्हा आई त्यांच्या मागे टॅक्सीत वाकून बघत होती. आत कोणी नाही हे कळल्यावर तिने ड्रायव्हरलाच नमस्कार केला.

आई ऐंशीच्या पुढे गेली आहे. तू एकदा येऊन तिला भेटावंस, एवढंच मला हवंय. बाबा गेले त्या वर्षी विमानं बंद होती, ते मी मान्य करते. नंतर सुरू झाली, ते तू मान्य कर.

सावाको

६ जुलै

मिची,

"ऑगस्टमध्ये पितरांच्या दिवसांत नक्की येतो," हे तुझं उत्तर मिळालं. आईला वाचून दाखवलं. तिने लगेच तुझी बसायची उशी उन्हात टाकली. तीन दिवस ऊन दाखवलं त्या उशीला. तेवढं ऊन मी माझ्या आयुष्यात खाल्लेलं नाही.

तुझी दुसरी तुकडी, तो दाढीवाला नवरा आणि ती उंच बायको, यांना मी गटारात उतरवलं. हो, गटारसफाईच्या दिवशी. आळीचं वर्षाचं गटार साफ करायचं होतं, घरटी एक माणूस आणि एक फावडं. त्यांनी पुन्हा तेच पालुपद लावलं होतं, इथल्यासारखं, इथल्यासारखं. मी त्यांच्या हातात एकेक फावडं दिलं. वाटलं होतं, तासाभरात नाक मुरडून घरी जातील. कसलं काय! गुडघाभर चिखलात उभे राहून हसत होते. आतोबेकाकांनी त्यांना गार चहा पाजला. शेजारची तोकिएकाकू तर मला म्हणाली, "पुढच्या वर्षी पण यांनाच बोलाव गं, तुझ्यापेक्षा बरं काढतात." घरी येऊन ते फोनमधून म्हणाले की हा त्यांच्या प्रवासातला सगळ्यात खरा दिवस होता. गटाराच्या दिवशी तुझं पोट न चुकता दुखायचं, आठवतं ना? आता लोक तुझं ऐकून विमानाने येतात आणि तेच गटार काढतात. उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच.

जेवताना त्या बाईने तुझ्या उशीकडे आणि समोरच्या ताटाकडे बोट करून विचारलं, हे कोणासाठी? मी सांगितलं, देवासाठी. ते खोटं होतं. खरं काय ते तुला सांगते. आईने सांगू नको म्हटलं होतं, पण माझ्या सहनशक्तीलाही काही सुमार आहे.

ते ताट तुझं आहे. तू घर सोडलंस त्याच संध्याकाळपासून आई ते मांडते. आजी जसं आजोबांसाठी मांडायची, तसंच. आजोबा बोटीवर असले की घरात त्यांचं ताट मांडलेलं असायचं, प्रवासातल्या माणसाची वाटेत उपासमार होऊ नये म्हणून. भात, लोणचं, मासा आणि झाकणाच्या वाडग्यात मिसोचं गरम सार. बाबा असताना ते त्या ताटाकडे बघायचेही नाहीत. पण पेपर वाचताना पानं त्याच्यावर पडू नयेत म्हणून पेपर जरा अलीकडे धरायचे. ते मी बघितलंय.

सगळ्यांची जेवणं झाली की आई झाकण उचलते. आतल्या बाजूला थेंब असले की म्हणते, "बरा आहे हो." गरम सारावर झाकण ठेवलं की थेंब येणारच, यात तुझ्या तब्येतीचा काय संबंध? हे मी तिला एकदा समजावलं. ती म्हणाली, "हो ना, येणारच. बरा आहे म्हणजे."

आणि मग ते ताट वाया घालवायचं नसतं, म्हणून ते मी खाते. इतकी वर्षं रोज संध्याकाळी मी तुझा थंडगार भात आणि निवलेलं सार खाते आहे. माझ्या वाटणीचं आई मुळात कमीच वाढते, कारण तिला माहीत असतं की मी तुझं खाणार. तुला काय वाटतं, मी जाड का झाले नाही? थंड भाताने माणूस जाड होत नाही, फक्त चिडतो.

ऑगस्टमध्ये ये.

सावाको

१८ ऑगस्ट

मिची,

पितरांचे दिवस संपले. बाबांना घेण्यासाठी दारात आग पेटवली, निरोप देण्यासाठी पुन्हा पेटवली. मेलेला माणूस आला, राहिला आणि परत गेला. जिवंत माणसाला रजा मिळाली नाही.

आळीत विचारणाऱ्यांना मी सांगितलं की तुझ्या कंपनीत फार काम आहे. "हो का, हुशारच होता तो," असं सगळे म्हणाले आणि कोणीही दुसरा प्रश्न विचारला नाही. ज्या घराची दया येते त्या घरालाच लोक दुसरा प्रश्न विचारत नाहीत, हे तूही इथलाच असल्यामुळे तुला ठाऊक असावं.

तू पाठवलेली चॉकलेटं मिळाली. आईने पेटी देवघरात बाबांच्या फोटोपुढे ठेवली. बाबांना गोड वर्ज्य होतं. आता काय फरक पडतो म्हणा.

सावाको

३० सप्टेंबर

मिची,

हा वाउटर कुठून शोधून काढलास?

त्याची बायको ग्रिट ठीक आहे. शांत बाई, चपला नीट उलट्या फिरवून ठेवते. पण तिचा नवरा आला तो दारातच कमरेत वाकून मला म्हणाला, "मोक्के दा नो." आपल्या साकाताच्या बोलीतले आभार! तोक्योतल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागतो, आणि हा लालबुंद साडेसहा फुटी माणूस ते आपल्या मासळीबाजारातल्या हेलात म्हणतो. माझ्या हातातली किटली सुटली. "मिची शिकवतो," तो म्हणाला. "दर गुरुवारी. बिअरबरोबर."

आईने आतून विचारलं, "कोण आलं गं?" तिला आवाज ओळखीचा वाटला असणार. आवाज नाही, हेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो न्हाणीघराकडे निघाला आणि वाटेतल्या त्या करकरणाऱ्या फळीवरून उडी मारून पलीकडे गेला. केवढं धूड, पण आवाज नाही. मी विचारलं तर म्हणतो, मिचीने सांगितलंय, त्या फळीवर पाय दिला की आईची झोप मोडते. ती फळी मी मागच्याच वर्षी सुताराकडून दुरुस्त करून घेतली. आता ती वाजत नाही. तुझे पाहुणे बिनआवाजाच्या फळीवरून उड्या मारतात. हे असं आहे बघ तुझं सगळं ज्ञान. पण आई अंथरुणात जागी होती आणि सरकत्या दाराच्या फटीतून तिने ती उडी पाहिली. दुपारी उगाचच दोनदा जाऊन त्या फळीवर उभी राहिली.

आता संध्याकाळचं सांगते. मी मासे भाजत होते. आई ताट मांडून, सार ओतून, झाकण ठेवून लोणचं आणायला परसात गेली होती. वाउटर न्हाऊन आला. त्याने बघितलं, सगळ्या ताटांत एकच झाकणाचं ताट, आणि तेवढ्याच एका जागी उन्हात फुगवलेली उशी. पाहुण्यासाठी मानाचं पान मांडलंय असं त्या शहाण्याला वाटलं. मी मासे घेऊन आत आले तर साहेब तुझ्या उशीवर मांडी ठोकून तुझं सार भुरकत होते.

मी ओरडले, "उठा! उठा तिथून!"

त्याला वाटलं मी त्याला अजून वाढते आहे. त्याने वाडगा दोन्ही हातांनी पुढे केला. तेही तूच शिकवलेलं दिसतंय.

"असू दे गं सावाको," मागून आई म्हणाली. "भुकेला माणूस जेवतोय, त्याला काय उठवतेस?"

"अगं पण ते ताट..."

"दिसतंय मला. आंधळी नाही झाले." आणि तिने त्याचा वाडगा घेतला, सार वाढलं, भात वाढला, माझ्या हातातला मोठा मासाही त्याच्याच ताटात ठेवला. समोर बसून त्याच्याकडे बघत राहिली. तो "छान, छान" म्हणत होता आणि ती मान डोलवत होती. मिची, ते ताट आजवर कोणी गरम खाल्लं नव्हतं.

नंतर मी फोनमधून त्याला ते काय होतं ते समजावलं. बिचारा पांढरा पडला. त्याला वाटलं आपण मेलेल्या माणसाचं जेवण जेवलो. मी म्हटलं, घाबरू नका, मेलेला नाही, गेंटमध्ये आहे.

त्या दिवसापासून आई तुझं ताट मांडते आणि वाउटरला ते खायला लावते. दोन वेळा वाढून घे म्हणते. चार दिवसांत तिच्या गालावर रंग आलाय. मला हे आवडलेलं नाही. हे तू करायचं काम आहे, आणि तू त्यासाठी माणूस पाठवलास.

सावाको

९ ऑक्टोबर

मिची,

हे पत्र मी दोनदा फाडलं. शिव्या संपल्यामुळे आता साध्या भाषेत लिहिते.

रविवारी नदीकाठी आळीचा अळकुड्यांचा रस्सा होता. दरवर्षीप्रमाणे. आतोबेकाकांनी दगडांची चूल मांडली, मोठं पातेलं चढवलं, तोकिएकाकूने डुकराचं मांस आणि मिसो आणला. वाउटर म्हणाला, "एक पातेलं मी करतो. मिचीच्या घरचं. तो दर शरदात आम्हा सगळ्यांना करून घालतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईने तर त्याच्यासाठी अळकुड्या स्वतः सोलल्या. हात खाजत होते तरी सोलल्या.

आणि त्याने पिशवीतून गाईचं मांस आणि सोया सॉसची बाटली काढली.

मिची, गाईचं मांस. सोया सॉस. हे डोंगरापलीकडचे लोक करतात! शाळेत असताना यावरून तू पलीकडच्या पोरांशी मारामारी करून ओठ फोडून घेतला होतास. साकाताच्या माणसाला नाव विचारलं तर क्षणभर विसरेल, पण रश्श्यात काय घालायचं हे विसरणार नाही. आतोबेकाका लाकडं सारखी करू लागले. तोकिएकाकू म्हणाली, "अगंबाई, किती छान रंग आलाय!" तिचा हा आवाज तुला माहीत आहे.

आईने एक वाडगा घेतला. एक घास खाल्ला. मग वाउटरला विचारलं, "हे कोणी शिकवलं?"

"मिचीने," तो म्हणाला, अभिमानाने. "म्हणाला, आई घरी असंच करते. लहानपणापासून हीच चव."

मी आईकडे बघितलं. सगळी आळी आईकडे बघत होती, प्रत्येकजण आपापल्या वाडग्यात तोंड घालून.

"हो," आई म्हणाली. "असंच करतो आम्ही."

आणि तिने तो वाडगा संपवला. पूर्ण आळीला ठाऊक होतं की ती खोटं बोलते आहे. तुझी लाज झाकायला माझ्या आईने आयुष्यभर जिच्यावर मिजास केली ती चव सोडली, चारचौघांत, नदीकाठी. तुला कशी आठवली रे ही अवदसा? तिकडे डुकराचं मांस मिळत नाही? मिसो मिळत नाही? की तुझ्या दोस्तांना सोया सॉसच समजतं, म्हणून तू आईचा स्वयंपाक बदलून टाकलास? का खरंच विसरलास? विसरला असशील तर निदान तसं कळव. मग मला तुझा राग येणार नाही, दुसरं काहीतरी येईल.

सोमवारी वाउटर आणि ग्रिट गेले. संध्याकाळी आईने दोनच ताटं मांडली. मला वाटलं विसरली. मी तुझा वाडगा कपाटातून काढून तिच्यासमोर ठेवला.

"आत ठेव," ती म्हणाली.

"का?"

"हे ताट प्रवासात असलेल्या माणसाचं असतं, सावाको. मिची कुठे प्रवासात आहे? तो तिथे राहतो. तिथलाच झालाय आता. त्याचं जेवण तिथे, त्याची माणसं तिथे, रस्सासुद्धा त्याने त्याचा ठरवलाय." तिने माझ्या ताटात भात वाढला, भरपूर, वाफाळता. "मीच वेडी. त्याला उगाच इतकी वर्षं वाटेवर उभा करून ठेवला. पाय दुखले असतील पोराचे."

ती रडत नव्हती. रडली असती तर मी तिला समजावलं असतं. तिने जेवण संपवलं, वाडगे विसळले आणि तुझी उशी बाकीच्या उशांमध्ये रचून ठेवली. आता त्यातली तुझी कोणती ते सांगता येत नाही.

इतक्या वर्षांनी मला पहिल्या वाढणीलाच पोटभर गरम भात मिळाला. तो मी निवू दिला आणि मग खाल्ला.

सावाको

३ नोव्हेंबर

मिची,

तुझा निरोप मिळाला. "ताई, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाबांची खोली रिकामी आहे का? नेहमीच्या पाहुण्यांसारखाच राहीन. तुम्हाला त्रास नको."

व्वा. काय सभ्यपणा! जगभरातल्या लोकांना या घरात घरच्यासारखं राहायला पाठवलंस आणि स्वतःला मात्र पाहुण्यासारखं राहायचंय. मी हे आईला वाचून दाखवलेलं नाही. पाहुणा म्हटलं तर ती तुझ्यासाठी पाहुण्यांच्या चपला काढेल, कोरा टॉवेल काढेल, तुझ्याशी वाकून बोलेल आणि तुला ते सहन होणार नाही. मला तर मुळीच नाही.

बाकी रश्श्याबद्दल तू काही लिहिलेलं नाहीस. ठीक आहे. लाजेला अजून जागा आहे तर.

आता एक सांगते, आणि ते सांगून मी तुझ्यावर उपकार करते आहे असं समजू नकोस.

तुझा निरोप आला त्या संध्याकाळी आई तोकिएकाकूबरोबर आळीच्या हमामात गेली होती. मी हापिसातून आले आणि अंगावरचा कोट न काढताच तुझं ताट मांडलं. कोणती उशी तुझी ते कळेना, म्हणून सगळ्यात फुगलेली घेतली. भात होता. मासा होता. सार सकाळचंच होतं, तेच तसंच ओतलं, झाकण ठेवलं. हात धुऊन आले आणि झाकण उचललं.

कोरडं. आतून ठणठणीत कोरडं.

मी पावत्या फाडणारी, हिशेब बघणारी बाई आहे. थंड साराला वाफ नसते हे मला कळतं. तुला ते पत्रात लिहूनही कळवलं होतं. आणि तरीही मी त्याच कोटात उभी राहून तुला फोन लावला. तिकडे सकाळ असेल. तू उचलला नाहीस. पुन्हा लावला. उचलला नाहीस. मेल्या, फोन कशाला बाळगतोस?

मग मी ते सार पातेल्यात ओतलं आणि गॅस मोठा केला. इतका मोठा की ते उतू गेलं, खालून करपलं. तसंच वाडग्यात ओतलं, झाकण घातलं आणि त्याच्यासमोर बसून राहिले. झाकणावर हात ठेवून. किती वेळ बसले माहीत नाही.

दारात आई उभी होती. ओले केस, गळ्यात टॉवेल. घरभर करपल्याचा वास.

"दोनदा गरम केलंस?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मी करायचे," आई म्हणाली. "स्वयंपाकघरातून इथे आणेपर्यंत निवतं ते. थंडीत तर कधी कधी तीनदा करावं लागायचं. तू दोरीवरचे कपडे काढायला मागे गेलीस की करायचे. तू फार हसायचीस ना."

ती येऊन माझ्या शेजारी बसली. ताटाकडे नीट बघितलं. "आणि माशाचं तोंड डावीकडे हवं. इतकी वर्षं रोज खातेस, बघत नाहीस होय गं?" तिने मासा फिरवला, काड्या सरळ केल्या, मग झाकण उचलून दिव्याकडे धरलं. झाकणावर इतके थेंब होते की तिच्या मनगटावरून ओघळले.

"बरा आहे," ती म्हणाली.

"फोन उचलत नाही," मी म्हटलं.

"असू दे. बरा आहे म्हणजे झालं." मग झाकण परत ठेवत म्हणाली, "प्रवासात आहे का गं तो?"

मी हो म्हटलं. तेवढं एक मी तुझ्या वतीने बोलले. आता ते खरं करायचं की नाही ते तू बघ.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: खोली रिकामी नाही. पाहुण्यांना मी यापुढे घेणार नाही, पाठवू नकोस. तू वरच्या तुझ्या खोलीत झोपशील. तिथे इस्त्रीचं टेबल आणि माझे हिवाळ्याचे कपडे आहेत, ते तू उचलून ठेव, मी ठेवणार नाही. स्टेशनवर घ्यायला कोणी येणार नाही. गाडीत विकत घेऊन काही खाऊ नकोस. मिसो आणि डुकराचं मांस घरात आहे, आल्यावर पहिल्या रविवारी नदीकाठी तू स्वतः रस्सा करायचास, सगळ्या आळीसमोर, आणि आई मागे उभी राहून चुका काढेल.

कोणत्या दिवशी येतोस ते कळव. वेळ कळवू नकोस. वेळ कळवलीस आणि गाडीला उशीर झाला, तर आई ते सार किती वेळा गरम करत बसेल याचा मला भरवसा नाही.

ताई